‘सुटली पोर’ असे तोंडून गेले आणि मुलगी उठून गेली

वाचकाचे पत्र (संक्षेपाने, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत) :

सांगलीत छोटे दुकान चालवणाऱ्या 48 वर्षांच्या एका गृहस्थांचे हे पत्र आहे. त्यांची 19 वर्षांची मुलगी पुण्यात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली होती. तिला कॉलेजात एका चित्रपटावर लिहून द्यायचे होते, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर आईवडील आणि मुलगी असे तिघांनी मिळून ‘आक्रोश’ हा जुना चित्रपट पाहिला. शेवटी बापाच्या अंत्यविधीसाठी पोलिसांच्या पहाऱ्यात आणलेला भिकू आपल्या लहान बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, तेव्हा या गृहस्थांच्या तोंडून नकळत ‘सुटली पोर’ असे शब्द गेले. मुलीने त्यांच्याकडे पाहिले, रिमोट टीपॉयवर अगदी हळू ठेवला आणि ती खोलीत निघून गेली. पत्नी ‘नेहमीप्रमाणे काही बोलली नाही’. दोन दिवसांनी मुलगी पुण्याला परतली. तेव्हापासून तिने ‘अबोला धरला आहे’. फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’ यापलीकडे ती बोलत नाही. त्यांनी मुलीवर आयुष्यात कधी हात उगारलेला नाही. आता त्यांना झोप लागत नाही; डोळे मिटले की ती कुऱ्हाड दिसते. ते विचारतात : ‘माझ्यात असा कुणी माणूस दडलेला आहे का? मुलीचा गैरसमज कसा दूर करू? आणि असले चित्रपट घरात पाहावेत तरी का?’

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र आठवडाभर माझ्या टेबलावर होते आणि दर वेळी वाचताना मी एकाच ठिकाणी थांबत होते. मुलीने रिमोट ‘अगदी हळू ठेवला, आपटला नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. रागावलेले मूल वस्तू आपटते. तुमच्या मुलीने ती हळू ठेवली, हे तुम्ही पाहिलेत, लक्षात ठेवलेत आणि मला लिहून कळवलेत. म्हणजे रागाहून वेगळे काहीतरी घडले आहे, हे तुम्हाला त्याच क्षणी जाणवले असावे. त्या जाणिवेच्या भरवशावर मी हे उत्तर लिहिते आहे, आणि काही गोष्टी स्पष्टच लिहिणार आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘आक्रोश’ 1980 सालचा. गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, आणि लेखन विजय तेंडुलकरांचे. ओम पुरींनी उभा केलेला लहान्या भिकू हा आदिवासी मजूर बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. तिच्यावर अत्याचार करणारी माणसे परिसरातली वजनदार माणसे आहेत, आणि खटला मात्र भिकूवर चालला आहे. त्याचा तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याला परोपरीने बोलते करू पाहतो. भिकू तोंडातून अक्षर काढत नाही. समोरचे सरकारी वकील दुसाणे स्वतः आदिवासी समाजातून वर आलेले आहेत, आणि ते संध्याकाळी त्याच वजनदार माणसांबरोबर पत्ते खेळतात. पुढे भिकूचा बाप मरतो. अंत्यविधीच्या जागी, वयात येऊ लागलेल्या बहिणीवर मुकादमाची नजर खिळलेली भिकूला दिसते. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग आभाळाकडे तोंड करून ओरडतो. चित्रपटभर कोंडलेला आवाज तेव्हा कुठे बाहेर पडतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. दोन शब्दांवरून कुणी माणूस मारेकरी ठरत नाही. मुलीवर कधी हात न उगारलेला बाप पडद्यावरचे दृश्य पाहून एका रात्रीत बदलत नाही. तेव्हा ‘माझ्यात असा माणूस आहे का’ या भीतीने स्वतःला जाळत राहू नका. पण तुम्ही ‘नकळत’ हा शब्द वापरला आहे आणि त्याच्या आडोशाला तुम्ही उभे आहात असे मला वाटते. नकळत तोंडातून जे जाते ते तिथे आधीपासून ठेवलेले असते. तुमच्या तोंडी ते कुणी ठेवले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ते माझ्याही तोंडी ठेवलेले होते.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमच्या गल्लीतल्या एका घरातली सून पहाटे विहिरीत सापडली. मोठ्यांचे लक्ष नसताना आम्ही मुले काठापर्यंत गेलो होतो. तिची पितळी कळशी काठावर उभी होती, अर्धी भरलेली, आणि कळशीच्या गळ्याला बांधलेला दोर नीट वेटोळे करून शेजारी ठेवला होता. दुपारी आमच्या ओट्यावर बायका जमल्या. त्या सुनेला त्या घरात काय सोसावे लागत होते हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होते. माझी आजी म्हणाली, ‘सुटली बिचारी.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी डोळ्यांना पदर लावला, कुणी उसासा टाकला, आणि विषय संपला. अर्धी कळशी भरून झाल्यावर एखादी बाई जीव द्यायला का थांबेल, हे त्या ओट्यावर कुणी विचारले नाही. माझी आजी दुष्ट नव्हती. त्या सुनेला तिने दोन-तीनदा मागच्या दाराने भाकरी दिलेली मला माहीत आहे. तरीही ‘सुटली’ म्हणताना तिच्या चेहऱ्यावर आलेला सैलपणा मी विसरलेले नाही.

आपल्या भाषेत हा शब्द फार मायेने वापरला जातो. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस गेले की आपण ‘सुटले’ म्हणतो, आणि तिथे तो शब्द खरा असतो. पण मारलेल्या, मारहाण सोसलेल्या, छळाने संपलेल्या बाईसाठी आपण तोच शब्द वापरतो तेव्हा त्यातून सुटते कोण, ते नीट पाहावे लागते. ती बाई सुटलेली नसते. ती मेलेली असते. सुटतात ते मागे राहिलेले. आता कुणाला जाब विचारायला नको, पोलिसांत जायला नको, त्या घराशी वाकडे घ्यायला नको. ‘सुटली’ म्हटले की हे सगळे मिटते, आणि वर आपण दयाळू ठरतो.

हे आपल्याच गल्लीत घडते असेही नाही. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा या गावात सुमारे 90 स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. त्याच दिवसांत आजूबाजूच्या कित्येक घरांत, बायका हल्लेखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून, बापांनी आणि भावांनी आपल्या हाताने त्यांना मारले. फाळणीतून गेलेल्या माणसांशी लेखिका उर्वशी बुटालिया यांनी पुढे अनेक वर्षांनी बोलून त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या आहेत. त्यांत एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी कुटुंबातल्या 17 जणांना मारले होते. ‘मारले’ हा शब्द ते मान्य करत नाहीत. ते सगळे ‘शहीद’ झाले, असे म्हणतात. तो शब्द नसता तर उरलेले आयुष्य त्यांना कसे काढता आले असते, हे मला समजते, आणि म्हणून त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. पण त्या 17 जणांत जी मुले होती, ज्या मुली होत्या, त्यांना कुणी काही विचारले होते का?

चित्रपटातल्या बहिणीलाही कुणी विचारलेले नाही. तुमच्या पत्रात भिकूचे नाव सात वेळा आले आहे. ती मात्र सगळीकडे ‘भिकूची बहीण’ किंवा ‘ती पोर’ आहे. यात तुमचा एकट्याचा दोष नाही. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले होते. भिकूसाठी रडले होते. बहिणीसाठी आपल्या डोळ्यांतून टिपूसही आले नव्हते, हे लक्षात यायला मला पुष्कळ वर्षे लागली, आणि लक्षात आले तेव्हा पोटात गोळा आला. कुऱ्हाड उचलणाऱ्याच्या वेदनेत आपण इतके बुडतो, की ती कुणावर पडते आहे ते दिसेनासे होते. तेंडुलकरांनी 1970च्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या हिंसेचा अभ्यास केला होता, आणि माणूस हिंसेपर्यंत कसा पोचतो हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय राहिला. ‘आक्रोश’मध्ये त्यांनी आणि निहलानींनी आपल्याला मुद्दाम भिकूच्या इतके जवळ नेऊन बसवले आहे. भिकूचे कृत्य योग्य आहे असे तो चित्रपट कुठेही म्हणत नाही. अपराधी माणसे हाकेच्या अंतरावर उभी आहेत, कुऱ्हाड हातात आहे, आणि ती त्यांच्याकडे न जाता सर्वांत दुबळ्या मानेवर पडते, एवढेच तो दाखवतो. अन्याय मुरत गेला की माणूस शेवटी आपल्याहून दुबळ्यावर हात टाकतो, ही त्यातली भयानक गोष्ट आहे, आणि ‘सुटली’ म्हटल्यावर ती भयानक राहत नाही.

तुमच्या गावात दिवाळीच्या सुमारास रंगभूमी दिन साजरा होतो, म्हणून एक गोष्ट आठवली. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, आणि नंतरच्या त्या आख्यान-नाटकांत राक्षस तोंड रंगवून, ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत येई. पुढे त्या नाटकांना ‘अललडुर्र’ हेच नाव पडले. राक्षस आला की लहान मुलेसुद्धा ओळखत. कुणाला भ्यायचे आणि कुणाची बाजू घ्यायची हे आरोळीवरूनच कळे. ‘आक्रोश’मध्ये ज्याच्यासाठी आपला जीव तुटतो त्याच माणसाच्या हातून खून होतो. तोंडाला रंग नाही, आरोळी आहे ती दुःखाची. अशा वेळी आपण कुठे उभे आहोत हे ठरवायला कुणी मदत करत नाही, आणि मग जुना, तयार शब्द मदतीला धावतो. तुमचे त्या रात्री असेच झाले असावे.

तुम्ही म्हणाल, भिकूपुढे दुसरा मार्ग कोणता होता? हा प्रश्न मी टाळणार नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहिले तर एकही नव्हता. बायको गेली, बाप गेला, आपण तुरुंगात, पोलीस-डॉक्टर-पुढारी एका माळेचे मणी, आपल्यातून शिकून वर गेलेला एकच मोठा माणूस सरकारी वकील होऊन समोर उभा. त्याची निराशा खरी आहे आणि तिची थट्टा कुणी करू नये. पण तुम्ही भिकू नाही. तुमचे सांगलीत दुकान आहे, बाजारात चार माणसे तुम्हाला नावाने ओळखतात, तुमचा कुणीतरी मित्र किंवा नातेवाईक वकील असेल, खिशात फोन आहे. त्या रात्री तुम्ही भिकूची हतबलता उसनी घेतलीत, आणि शेजारी बसलेल्या मुलीने ते ऐकले.

तिने काय ऐकले असेल, याचा मी माझ्या परीने अंदाज करते. ती 19 वर्षांची आहे आणि परक्या शहरात एकटी राहते. रात्री उशिरा बसमधून उतरताना ती फोन कानाला लावत असेल, कुणाशी बोलत नसतानाही. रिक्षाचा नंबर मैत्रिणीला पाठवत असेल. या गोष्टी ती तुम्हाला सांगत नाही, कारण सांगितल्या तर शिक्षण बंद होईल अशी भीती बहुतेक मुलींच्या मनात असते. आपल्यावर कधी तसा प्रसंग आला तर काय करायचे, याचे काही उत्तर तिने मनात धरलेले असणार, आणि त्या उत्तरात ‘बाबांना फोन करायचा’ हे बहुधा पहिले होते. ‘सुटली पोर’ या शब्दांनी ते पहिले उत्तर डळमळले. माझ्यावर काही ओढवले तर बाबांना मी जिवंत हवी असेन, की सुटलेली? एवढेच तिने तुमच्याकडे पाहताना विचारले असेल.

म्हणून ‘गैरसमज दूर करणे’ हा तुमचा शब्द मला बदलावासा वाटतो. तिचा समज पुरता चुकीचा नाही. तुम्हाला जे म्हणायचे नव्हते ते तिने ऐकले हे खरे, पण तुम्ही जे म्हणालात तेच तिने ऐकले हेही खरे. ‘अबोला’ हा शब्दही तपासून पाहा. अबोला रुसव्याचा असतो. समोरच्याने मनवावे ही त्यात अपेक्षा असते. भिकू आपल्या वकिलाशी का बोलत नाही, हे आठवा. तो रुसलेला नाही. बोलून उपयोग नाही, अशी त्याची खात्री झालेली आहे. तुमच्या मुलीची तशी खात्री अजून झालेली नसावी, कारण ती तुमचा फोन उचलते आणि जेवल्याचे सांगते. तेवढे दार उघडे आहे.

आता काय करावे, ते सांगते. हे केवळ तुमच्यासाठी नाही. मुली असलेल्या इतर घरांनाही उपयोगी पडेल.

तिच्याशी बोलताना सुरुवात खुलाशाने करू नका. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे वाक्य खरे असले तरी ते तिच्यावर जबाबदारी टाकते, की बाबांना समजून घे. त्याऐवजी जे घडले ते नावानिशी सांगा : ‘त्या रात्री मी सुटली पोर म्हणालो. ते चूक होते. तू शेजारी बसली होतीस, आणि मी तुझा विचार केला नाही.’ एवढे म्हणून थांबा. माफी मागताना तुमचा आवाज कापला तर कापू द्या. मग तिला विचारा, की तिने ते ऐकले तेव्हा तिच्या मनात काय आले. ती कदाचित ‘काही नाही’ म्हणेल. तेही चालेल. उत्तर त्याच दिवशी मिळालेच पाहिजे असा हट्ट धरू नका.

त्यानंतर एक गोष्ट मात्र तिने न विचारताही सांगायची आहे. ती अशी, की तिच्यावर कधी, कुठेही, कुणाकडूनही अत्याचार झाला, तर ती तुम्हाला जिवंत हवी आहे. ती कुठे होती, किती वाजता होती, कुणाबरोबर होती, काय घातले होते, यातले काहीही तुम्ही आधी विचारणार नाही. आणि तिचे शिक्षण त्यामुळे थांबणार नाही. हे आपण गृहीत धरतो आणि म्हणून बोलत नाही. मुलींना ते कानांनी ऐकावे लागते, कारण उलट गोष्टी त्या लहानपणापासून कानांनीच ऐकत आलेल्या असतात.

पण नुसते वचन पुरत नाही. बापाला पुढचे ठाऊक असावे लागते. भिकूच्या काळात आणि आजच्या काळात जो फरक पडला आहे तो आपोआप पडलेला नाही. त्या चित्रपटाच्या आठ वर्षे आधी, 1972 मध्ये, आपल्याच राज्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. त्या मुलीच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपींना सोडले, कारण तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नव्हत्या. चार कायदेतज्ज्ञांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. जी मुलगी आपल्या लेखी ‘सुटली’ असती तर बरे झाले असते, ती जगली, तिने तक्रार केली, ती हरली, आणि तिच्या हरण्यातून पुढच्या सगळ्या जणींसाठी कायद्यात जागा झाली. मला हे तुमच्या मुलीच्या कॉलेजच्या लेखनासाठीही महत्त्वाचे वाटते. ‘आक्रोश’ ज्या काळात आला तो काळ हाच होता.

आज तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना आमच्या हद्दीतली नाही असे सांगून परत पाठवता येत नाही. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात ती हीच, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिची स्पष्ट तरतूद आहे. पीडित स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, असा नियम आहे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तातडीचे उपचार विनामूल्य करायचे असतात. तिचे नाव जाहीर करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2013 पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. तिच्यातून अर्थसाहाय्य मिळते, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. तातडीच्या वेळी 112, आणि स्त्रियांच्या मदतीसाठी 181 हे क्रमांक आहेत. हे सगळे सुरळीत चालते असे मी म्हणणार नाही. पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्र काढलेल्या आयाबापांची पत्रे माझ्याकडे येतात. चिकाटी लागते, ओळखीचा वकील बरोबर असला तर फरक पडतो, आणि घरातला पुरुष मुलीच्या बाजूने उभा असला तर फार फरक पडतो. तुम्ही तसे उभे राहू शकता, यात मला शंका नाही.

तुमच्या पत्रात पत्नीबद्दल एकच वाक्य आहे, की ती ‘नेहमीप्रमाणे काही बोलली नाही’. मी त्यांना ओळखत नाही, त्यामुळे जपून लिहिते. त्या रात्री खोलीत दोन स्त्रिया होत्या. एक उठून गेली म्हणून तुमच्या लक्षात आले. दुसरी बसून राहिली. त्या दोन शब्दांनी त्यांना कोण आठवले असेल, माहेरची कुणी, शाळेतली मैत्रीण, की स्वतःचाच एखादा प्रसंग, हे तुम्ही विचारलेले नाही असे दिसते. मुलीशी बोलण्याआधी पत्नीशी बोला. मुलीला समजावण्याचे काम मात्र त्यांच्यावर सोपवू नका. आपल्याकडे बाप चुकला की निरोप आईच्या हाती जातो, आणि मुलगी पुढे नवऱ्याकडूनही तेवढ्याचीच अपेक्षा ठेवायला शिकते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. असे चित्रपट घरात पाहावेत. आज मालिकांत आणि मोबाइलवर रक्ताचे पाट वाहतात आणि ते पाहताना आपले जेवण थांबत नाही. ‘आक्रोश’मधली कुऱ्हाड क्षणभर दिसते आणि तुमची झोप उडते. झोप उडावी असेच ते दृश्य आहे. मात्र काही पथ्ये पाळावीत. लहान मुले असतील तर शेवट आधी माहीत करून घ्यावा. झोपायच्या वेळी लावू नये. संध्याकाळी लवकर, दिवा लावून पाहावा. कुणाला मध्येच उठावेसे वाटले तर ‘सिनेमाच तर आहे’ म्हणून बसवून ठेवू नये. बाईच्या अंगावर जे गेलेले असते ते पडद्यावर पाहणे तिला सहन होईलच असे नाही, आणि तिने कारण सांगावे अशीही सक्ती नसावी. संपल्यावर थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. मग घरातल्या सर्वांत लहान माणसाला आधी बोलू द्यावे. तुमच्या घरी त्या रात्री हा क्रम असता तर पहिले वाक्य मुलीचे असते.

झोपेचे म्हणाल, तर डोळे मिटल्यावर कुऱ्हाड दिसते तेव्हा ती बळेच घालवू नका. त्या दृश्यात नजर भिकूवरून हलवून मुद्दाम बहिणीकडे न्या. तिचा चेहरा आठवून पाहा. आठवत नसेल, तर चित्रपट पुन्हा लावून, दिवसाउजेडी, ती जिथे जिथे दिसते तेवढेच पाहा : ती काय काम करते आहे, कुणाकडे पाहते आहे. मी हे केले आहे, आणि त्यानंतर ते दृश्य मला पूर्वीसारखे छळत नाही, निदान त्याच रीतीने नाही. तरीही आणखी दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, कामात लक्ष लागेनासे झाले, तर डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 क्रमांकावर बोला. ती सेवा विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.

फोनवर माफी मागू नका. फोनवर तिला ‘हो’, ‘नाही’ म्हणून ठेवून देता येते, आणि तुम्हालाही पटकन सुटता येते. एक दिवस दुकान बंद ठेवा आणि पुण्याला जा. पण न सांगता जाऊन तिला दारात गाठू नका. आधी फोन करा, भेटायला येतो आहे आणि त्या रात्रीबद्दल बोलायचे आहे हे सांगा, आणि कुठे भेटायचे, किती वाजता, ते तिला ठरवू द्या.